रिकामी दिसणारी जमीन

आर्थर स्ट्रीटनचं ‘गोल्डन समर, ईगलमाँट’ हे चित्र मला आवडतं, हे आधीच सांगतो. म्हणजे पुढचं वाचताना ‘याला चित्रातलं काही कळत नाही’ असं म्हणायची सोय राहणार नाही. १८८९चा उन्हाळा, मेलबर्नजवळचं हायडलबर्ग, वाळून पिवळं पडलेलं गवत, मेंढ्या, लांबत चाललेल्या सावल्या आणि मागे निळे डोंगर. स्ट्रीटन तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा होता आणि उघड्यावर बसून रंगवत होता. ते ऊन फोनच्या स्क्रीनवरसुद्धा डोळ्यांवर येतं.

माझं भांडण चित्राशी नाही, त्याला चिकटवलेल्या वाक्याशी आहे. ऑस्ट्रेलियन कलेवरच्या कितीतरी लेखांत ते सापडतं: स्ट्रीटन, टॉम रॉबर्ट्स आणि त्यांच्या मित्रांनी ‘पहिल्यांदा’ हा देश ‘त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी’ पाहिला. हे वाक्य खोटं आहे, आणि एकदा नाही, तीनदा खोटं आहे.

पहिलं खोटं साधं आहे. अब्राम-लुई बुव्हेलो या स्विस चित्रकाराने १८६६ मध्येच त्याच परिसरातल्या टेम्पलस्टोची उन्हाळी दुपार रंगवली होती. रॉबर्ट्स-स्ट्रीटन मंडळी त्याला मानतही होती.

दुसरं खोटं म्हणजे ‘स्वतःचे डोळे’. हे चित्र मोठं झालं ते परदेशी शिक्क्यांमुळे. १८९१ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या चित्रकाराचं तिथे लागलेलं ते पहिलं चित्र. १८९२ मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये त्याचा गौरव झाला. मग ते एका स्कॉटिश जहाजमालकाकडे गेलं. १९२४ मध्ये १००० गिनींना विकलं गेलं आणि अखेर १९९५ मध्ये कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतलं. परदेशातून पसंतीची पावती आली, आणि मग ते ‘राष्ट्रीय’ ठरलं.

तिसरं खोटं मला सगळ्यांत जास्त टोचतं. चित्रात माणसं जवळजवळ नाहीत, जमीन मोकळी आहे. पण ती मोकळी का दिसते? ईगलमाँटची ती जागा प्लॉट पाडून विकण्यासाठी घेतलेली होती. मेलबर्नमध्ये तेव्हा जमिनींची तेजी होती, आणि विक्रीची वाट बघत पडलेल्या रिकाम्या घरात हे चित्रकार राहत होते. त्याही आधी ती जमीन वुरुंजेरी लोकांची होती. आणि ते लोक कुठे गायब झाले नव्हते. त्याच यारा नदीच्या वरच्या अंगाला, कोरँडर्क वस्तीत, त्यांचा म्होरक्या विल्यम बराक राहत होता. तोही त्याच काळात चित्रं काढत होता. गेरू, कोळसा आणि जलरंग घेऊन कागदावर आपले सोहळे, नाच, पोसमच्या कातड्यांचे अंगरखे रंगवत होता.

एकच नदी, एकच काळ, दोन चित्रकार. एकाचं काम ‘राष्ट्रीय कला’ म्हणून गॅलरीत गेलं. दुसऱ्याचं पाहुण्यांनी आठवणीची वस्तू म्हणून नेलं, आणि त्यातलं बरंचसं युरोपातल्या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयांत जाऊन पडलं.

इथे कोणीतरी म्हणणारच, ‘आजच्या फूटपट्टीने जुन्या माणसांना मोजू नका.’ पण ही फूटपट्टी आजची नाहीच. बराक आपल्या लोकांना घेऊन मेलबर्नला पायी जात होता, मंत्र्यांना भेटत होता. १८८१ मध्ये कोरँडर्कची सरकारी चौकशी झाली. १८८६ च्या कायद्याने मिश्र वंशाच्या तरुणांना वस्तीबाहेर काढलं आणि १८९३ मध्ये वस्तीची जवळपास अर्धी जमीन काढून घेतली. हे सगळं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत येत होतं. ‘माहीत नव्हतं’ ही सबब तेव्हाही लंगडी होती.

माझ्या कामात टेबलातला एखादा रकाना रिकामा दिसला तर पहिला प्रश्न हा असतो: माहिती खरंच नाही, की आपण ती आणलीच नाही? हे दोन्ही एकच मानणारा रिपोर्ट कोणी पास करत नाही. कलेच्या इतिहासात मात्र शंभर वर्षं असाच रिपोर्ट पास होत आला.

आणि याची किंमत आजही चुकवावी लागते. २०२२ मध्ये बराकचं एक चित्र आणि त्याने घडवलेली एक ढाल न्यूयॉर्कच्या लिलावात आली. आपल्याच पूर्वजाचं काम घरी आणण्यासाठी वुरुंजेरी लोकांना लोकवर्गणी काढावी लागली. राज्य सरकारने पाच लाख डॉलर घातले, तेव्हा कुठे ते परत आलं.

म्हणून ‘गोल्डन समर’ भिंतीवरून उतरवा, असं मी म्हणत नाही. उलट ते ठळक जागी ठेवा, शेजारी बराक लावा, आणि पाटीवरचा ‘पहिल्यांदा’ हा शब्द खोडा. स्ट्रीटनच्या उन्हाला त्याने काडीचाही धक्का लागणार नाही. फक्त ते ऊन कोणाच्या जमिनीवर पडलंय, तेही सोबत दिसेल.