गोळी चोरून कां घ्यावी लागते?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आजचा विषय पाहून कांहीं घरांत हें पत्र चटकन् घडी घालून फळीवर टाकलें जाईल, हें मला ठाऊक आहे. टाकूं नका. कर्त्या पुरुषानें तें चुलीपाशीं बसलेल्या बाईला ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें वाचावें.

माझ्या शाळेंतली तिसरीची एक मुलगी पावसाळ्यांत बारा दिवस आली नाहीं. चौकशी केली तेव्हां कळलें, कीं आईच्या अंगावरून फार जात होतें आणि धाकट्या भावाला ही पोर सांभाळीत होती. घरांत तीन लेकरें, त्यांत पुन्हां दिवस गेलेले. नवऱ्यानें मेडिकल दुकानांतून गर्भपाताच्या गोळ्यांचें पाकीट आणलें. किती दिवस झाले, हें दुकानदारानें विचारलें नाहीं, यानें सांगितलें नाहीं. तिसरा महिना सरत आला होता. सासूनें शेजारणींना पित्त झाल्याचें सांगितलें. बाई आधींच रक्त कमी होऊन पांढरी पडलेली. आठव्या दिवशीं चक्कर येऊन पडली, तेव्हां जीपमधून दवाखान्यांत नेली. तेथें पिशवी साफ केली, रक्त चढवलें, म्हणून वांचली.

आतां गांव म्हणतो, गोळीच वाईट. हें खोटें आहे. त्या पाकिटांत दोन जातींच्या गोळ्या असतात. पहिली मिफेप्रिस्टोन. गर्भ धरून ठेवणारा प्रोजेस्टेरॉन नांवाचा रस शरीरांत असतो, त्याचें काम ती बंद पाडते. एकदोन दिवसांनीं दुसरी, मिसोप्रोस्टॉल. तिनें पिशवी आवळते, कळा येतात व गर्भ पडतो. पहिलीला आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली आणि दोहोंच्या एकत्र पाकिटाला २००८ सालीं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून नऊ आठवड्यांच्या आंत, डॉक्टरनें तपासून दिल्यास, बहुतेक बाया याच औषधानें सुखरूप मोकळ्या होतात. पुढें मूल होत नाहीं ही नुसती भीति. उलट पुढची पाळी येण्याआधींच पुन्हां दिवस जाऊं शकतात!

मग तपासणी कशाला? एक तर दिवस मोजण्याला. दुसरें, गर्भ कधीं कधीं पिशवींत न राहतां नळींत राहतो. तो या गोळीनें पडत नाहीं, नळी फुटते आणि पोटांतल्या पोटांत रक्त वाहून बाई जाते. दुकानाच्या फळीवरून हें कोणाला दिसणार? तांबी बसवलेली असेल तर ती आधीं काढावी लागते. जिचें रक्त फार कमी आहे, जी रक्त पातळ करण्याचें औषध घेते किंवा कित्येक दिवस स्टेरॉइड घेत आहे, तिनें तें डॉक्टरला सांगितलेंच पाहिजे. गोळीनंतर पाळीपेक्षां जास्त जाणें व कळा येणें हें चालायचेंच. थोडेंथोडें दोन आठवडेही जातें. पण तासाला दोन घड्या भिजून चिंब होत असतील आणि असें दोन तास चाललें, एका दिवसानंतरही ताप राहिला, घाण वास आला, पोटांत किंवा खांद्यांत असह्य दुखलें, घेरी आली, तर रात्र आहे म्हणून थांबूं नये. आणि कांहींच गेलें नाहीं, तरीही दवाखाना गांठावा.

ही चोरी एकट्या आमच्या गांवाची नव्हे. २०१५ सालीं देशांत एक कोटी छप्पन लाख गर्भपात झाले व त्यांतले शेंकडा त्र्याहत्तर दवाखान्याबाहेर गोळ्यांनीं झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. कायदा तर १९७१ सालचा! मूल न व्हावें म्हणून केलेला उपाय फसला, हें कारण तो मानतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून लग्न न झालेलीसाठींही मानतो. अठरा वर्षें पुरीं झालेल्या, शहाण्या बाईची स्वतःची संमति पुरते. नवऱ्याची सही लागत नाहीं. तरी कांहीं दवाखान्यांत 'मालकांना घेऊन या' म्हणून तिला परत पाठवतात, आणि परत पाठवलेली बाई सरळ दुकानांत जाते. मुलगी आहे असें तपासून गर्भ पाडणें हा गुन्हा निराळा, त्याचा कायदाही निराळा, १९९४ चा. नऊ आठवड्यांच्या आंत सोनोग्राफींत मुलगा कीं मुलगी हें दिसतच नाहीं, मग त्या धाकानें या बाईला कां हांकलावें?

जोतीराव व सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तेव्हां अडलेल्या विधवेला त्यांनीं गुप्तपणें बाळंत होण्याची हमी दिली होती. आजचा कायदाही बाईचें नांव फोडणाऱ्याला शिक्षा सांगतो. तालुक्याच्या डॉक्टरांना हें ठाऊक नसेल, असें मला वाटत नाहीं.

ती मुलगी आतां रोज शाळेंत येते. आईनें आशाताईंबरोबर जाऊन तांबी बसवून घेतली. नवऱ्याला मीं विचारलें, कीं पुरुषांची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षां सोपी असते, तूं कां करून घेत नाहींस? तो म्हणाला, मास्तर, मोटार चालू ठेवून आलों आहें, आणि उठून मळ्याकडे गेला.