फुंकर मारून भागत नाही

पावसाळा लागला की ठाण्यात काय, कल्याण-डोंबिवलीत काय, ओट्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागतेच. जमिनीत पाणी मुरलं की त्या कोरडी जागा शोधत भिंतीच्या भेगांतून वर येतात. झुरळ दिसलं की आपण चप्पल शोधतो. मुंगी मात्र फुंकून टाकतो आणि तोच घास तोंडात घालतो. माझी तक्रार त्या फुंकरीबद्दल आहे.

ती रांग एकदा उलटी धरून बघा. कधी मोरीच्या जाळीपाशी जाते, कधी घंटागाडीची वाट बघत रात्रभर दाराबाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात, कधी कपाटामागे मरून पडलेल्या झुरळापाशी. तिथले जंतू मुंगीच्या पायांना, अंगाला चिकटून पोळीच्या डब्यापर्यंत येतात. रुग्णालयांतल्या मुंग्यांवर रोगजंतू सापडल्याचं संशोधक बीटसन यांनी १९७२ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्या होत्या फेरो मुंग्या, पिवळसर, जेमतेम दोन मिलिमीटरच्या.

घाबरायचं कारण नाही. मुंगी डासासारखी रोग टोचत नाही. कोरड्या साखरेत जंतू वाढत नाहीत. डबा उन्हात ठेवा, मुंग्या निघून जातील, आणि ती साखर उकळत्या चहात खुशाल घाला. भात, खीर, दूध यांचं तसं नाही. ओल्या, कोमट अन्नात चार जंतूंचे काही तासांत असंख्य होतात. रात्री झाकायला विसरलेल्या भाताला सकाळी मुंग्या लागल्या असतील, तर तो निवडून लोकलच्या घाईत डब्यात भरू नका. अन्न टाकणं जिवावर येतं, मान्य आहे. तरी टाका. बाळाच्या बाटलीच्या बुचाला मुंग्या दिसल्या तर दूध ओता आणि बाटली उकळून घ्या.

रांगेवर फवारा मारण्यात फारसा अर्थ नाही. घरातल्या मुंग्या फेरो असतील, तर त्यांच्या एका वारुळात अनेक राण्या असतात. फवाऱ्याने ते विस्कटतं आणि एकाची दोन-तीन वारुळं होतात. साबणाच्या पाण्याने रांग पुसा, म्हणजे मागच्यांना वाटेचा वास लागत नाही. भेग पांढऱ्या सिमेंटने बुजवा. मुंग्यांचा खडू डब्यांच्या फळीवर ओढू नका, ते कीटकनाशक आहे.

आणि कुणी आपलं माणूस दवाखान्यात असेल, तर घरचा डबा जरूर न्या. पण उरलेली खिचडी, कापलेलं फळ, बिस्किटांचा उघडा पुडा खाटेशेजारी ठेवून येऊ नका. फेरो मुंग्या जखमेच्या पट्टीखालीही शिरतात.