किक मारली की धावणारी मोटार
टोकरखाड्यातल्या एका गॅरेजात परवा मेकॅनिक कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत बसला होता, आणि मला देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवले. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या या कारागिराने भंगारातून चारचाकी घडवली. सुरू व्हायची ती दुचाकीसारखी किक मारून! डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ पाहून आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, जानेवारीत दिलीही. कौतुक झालं, छानच. पण अशी गाडी रस्त्यावर आणायला आपल्याकडे सरळ वाट नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी ब्रेक, दिवे, धूर यांच्या सरकारी तपासणीतून पास होते आणि नंबर मिळवते. मंडळी, ब्रेक हवे तेवढे कडक तपासा, पण ही सोय आपल्या आरटीओतही व्हायलाच हवी.