पाच नंबर आणि आपलं जर-तर

१९ जुलै २०२५ ला न्यूयॉर्क मेट्सने डेव्हिड राइटची ५ नंबरची जर्सी निवृत्त केली. म्हणजे यापुढे मेट्सकडून हा नंबर कोणीच घालणार नाही. छान झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्याचा विषय निघाला की आम्हा मेट्सवाल्यांची गाडी हटकून एकाच स्टेशनावर येऊन थांबते... पाठीने दगा दिला नसता तर?

मला हे ‘तर’ पटत नाही. का, ते सांगतो.

बेसबॉलशी ज्यांचा काही संबंध नाही अशा मंडळींसाठी आधी थोडक्यात. राइट व्हर्जिनियाचा. मेट्सची एक धाकटी टीम तेव्हा त्याच्या घराजवळ नॉरफोकला होती, त्यामुळे तो लहानपणापासून मेट्सचाच. २००१ मध्ये शाळेतून थेट मेट्सने त्याला निवडलं आणि जुलै २००४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो थर्ड बेसवर उभा राहिला. त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही टीमचा शर्ट त्याने घातला नाही. १७७७ हिट्स, २४२ होमरन, सरासरी .२९६. या खेळात दहापैकी तीन वेळा बॉल नीट मारता आला तरी खेळाडू उत्तम समजतात, यावरून काय तो अंदाज करा. २०१३ मध्ये तो कॅप्टन झाला. बेसबॉलमध्ये प्रत्येक टीमला कॅप्टन असतोच असं नाही, त्यामुळे तो मान मोठा.

मे २०१५ मध्ये निदान झालं, स्पायनल स्टेनोसिस. मणक्यांमधली मज्जारज्जूची वाट अरुंद होते आणि नसा दाबल्या जातात. वय ३२. ऑगस्टमध्ये तो परत आला आणि फिलाडेल्फियात पहिल्याच वेळी होमरन मारला. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या मॅचमध्येही पहिल्याच इनिंगमध्ये त्याचा होमरन होता. पण हे दिसत होतं तेवढं सोपं नव्हतं. मॅचला नुसतं उभं राहता यावं म्हणून तो आधी काही तास व्यायाम आणि स्ट्रेचिंग करायचा. मे २०१६ नंतर तेही जमेना. मग मानेचं ऑपरेशन, २०१७ मध्ये खांद्याचं, लगेच पाठीचं.

या काळात पैशांचीही बरीच कुजबुज झाली. २०१२ च्या शेवटी झालेला त्याचा करार १३ कोटी ८० लाख डॉलर्सचा, २०२० पर्यंतचा. तो खेळला नाही तर पगाराचा मोठा भाग विमा कंपनी भरणार. मग काहींना वाटलं हा पैशांसाठी लांबवतोय, काहींना वाटलं क्लबलाच तो मैदानावर नको आहे. मला विचाराल तर, फक्त पैसे हवे असणारा माणूस घरी बसतो. तो करार तसाही पक्का होता. मोकळ्या मैदानांवर तरुण पोरांबरोबर पुन्हा पुन्हा थ्रो करायला तो जात नाही.

शेवटी २९ सप्टेंबर २०१८. सिटी फील्ड खच्चून भरलेलं. मायामीविरुद्धच्या त्या मॅचच्या निकालाने कोणाचंही काही बिघडणार नव्हतं. राइट थर्ड बेसवर आणि शेजारी शॉर्टस्टॉपला त्याचा जुना जोडीदार होजे रेयेस. पहिल्या वेळी राइटला वॉक मिळाला. दुसऱ्या वेळी त्याने फाउल बॉल उडवला आणि मायामीच्या फर्स्ट बेसमनने तो झेलला. बिचारा आपलं काम करत होता, पण सगळ्या स्टेडियमने त्याचा उद्धार केला :-) पाचव्या इनिंगमध्ये राइट बाहेर आला. शेवट इतकाच. हिट नाही, होमरन नाही.

आता माझा मुद्दा. जर-तरच्या हिशोबात काय होतं, तर आपण त्याच्या न झालेल्या वर्षांची बेरीज करत बसतो. आणखी इतके होमरन, मग हॉल ऑफ फेम. तिथे ७५ टक्के मतं लागतात, राइटला २०२४ मध्ये पहिल्या खेपेला ६.२ टक्के मिळाली. म्हणून आपण हळहळतो. पण हळहळताना झालेल्या चौदा सीझन्सना नकळत ‘अपुरं’ म्हणून टाकतो. जेवण सुंदर झालं आणि आपण मात्र न वाढलेल्या पानाबद्दल बोलतोय, असं काहीसं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०११ मध्ये राइट पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर असताना जवळजवळ महिनाभर खेळला. ते कळल्यावर आम्ही काय केलं? कौतुक! ‘याला म्हणतात जिगर.’ त्या फ्रॅक्चरचा पुढच्या दुखण्याशी संबंध जोडायचा माझा हेतू नाही, ते डॉक्टरांचं काम. पण दुखणं लपवून खेळणाऱ्याला आपण टाळ्या देतो आणि थांबणाऱ्याला ‘अरेरे’, यातून शाळेच्या टीममधली पोरं काय शिकतात याचा विचार करायला हवा. खांदा दुखतोय हे कोचला सांगायचं नाही, हेच ना?

राइट पस्तिसाव्या वर्षी थांबला. दोन लहान मुली, पुढे सगळं आयुष्य, आणि त्या आयुष्यातही हीच पाठ वापरायची आहे. तीन ऑपरेशन्सनंतर ‘आता शरीर ऐकत नाही’ असं लोकांसमोर उभं राहून सांगणं हे फ्रॅक्चर घेऊन खेळण्यापेक्षा सोपं नाही. मला तर ते जास्त अवघड वाटतं, कारण त्याला स्कोअरबोर्डवर जागा नाही.

म्हणून ५ नंबर स्टेडियममध्ये वर लागला याचा आनंद आहे. तिथे आकडे लिहिलेले नाहीत, हे आणखी बरं. पुढच्या वेळी तो दिसला की ‘पाठ नसती दुखली तर’ म्हणण्याऐवजी एवढंच म्हणू या, की आपण याला खेळताना पाहिलं.

असो. आवडता खेळाडू असा मध्येच थांबलेला तुम्हीही पाहिला असेल. कोण तो, आणि तुम्ही अजून जर-तर करता का? जरूर लिहा.