मजुरी माझी, नोंद मनिऑर्डरची

‘मॅडम, मुलगा परदेशात असतो का?’ साताऱ्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत काउंटरवरच्या तरुणाने अदबीने विचारले. डिसेंबर 2023 मधली गोष्ट. मी म्हटले, मुलगा सातवीत आहे, पैसे माझे आहेत. अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी मी मराठी सबटायटल्स तपासते, त्याचे. तो हसला आणि त्याने फॉर्म भरून घेतला. आठवड्याने कागद हातात आला, तर त्यावर क्रमांक पी 1301. म्हणजे परदेशस्थ भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी व बचतीसाठी पाठवलेली रक्कम!

परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला हेतू-क्रमांक लावावा लागतो. सेवेच्या मोबदल्याचे क्रमांक वेगळे आहेत. पण समोर बाई दिसली की निर्वाह आठवतो. माझे वडील परळच्या गिरणीत होते. दर महिन्याला त्यांची मनिऑर्डर यायची, शंभराला पाच रुपये कमिशन भरून, आणि आई पोस्टमनच्या पुढ्यात अंगठा उठवायची. परगावाहून येणारा पैसा पुरुषाचा आणि तो घेणारी बाई घरात बसलेली, हे चित्र गिरण्या बंद पडल्या तरी बँकेच्या डोक्यातून गेलेले नाही.

व्यवस्थापक म्हणाले, ‘काय फरक पडतो? पैसे मिळाले ना?’

पूर्ण कुठे मिळाले? हिशेब सांगते. माझे बिल चारशे डॉलरचे. स्विफ्ट फक्त निरोप नेते. पैसा बँकांच्या आपापसातल्या खात्यांतून फिरतो. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने वीस डॉलर ठेवून घेतले. उरले 380. बाजारात डॉलर सुमारे 83 रुपयांना होता, मला 81 चा भाव लावला. तो ‘चार्ज’ म्हणून कुठेही लिहिलेला नसतो, भावातच मुरलेला असतो. त्यावर बँकेचे शुल्क करासह 295 आणि चलन बदलल्याबद्दल जीएसटी 55 रुपये. हातात 30,430. बाजारभावाने 33,200 व्हायला हवे होते. म्हणजे शंभराला आठ रुपयांहून जास्त गेले. वडिलांच्या पोस्टमनने पाचच घेतले होते, आणि तो पैसे दारात आणून द्यायचा.

हा मार नेमका कुणाला बसतो बघा. चाळीस हजार डॉलरचे बिल करणाऱ्या कंपनीला ते वीस डॉलर जाणवतही नाहीत. मुले झोपल्यावर रात्री दोनपर्यंत तुकड्या-तुकड्याने काम करणाऱ्या बाईचे बिलही तुकड्यानेच निघते. प्रत्येक तुकड्यावर तीच कापाकापी. याला लोक ‘घरबसल्या कमाई’ म्हणतात. कोण बसले होते घरी?

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये उद्दिष्ट ठरवले की स्थलांतरितांनी पाठवलेल्या पैशावरचा खर्च 2030 पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचा. चांगलेच आहे. पण ते घरी पाठवलेल्या पैशाबद्दल आहे. घरी राहून कमावलेल्या पैशाचे काय? तिथेही आपण पाठवणाऱ्याच्या कुटुंबीय तेवढ्या.

आणि फरक पडतो, साहेब. जीएसटीच्या कायद्यात सेवेची निर्यात ठरायला मोबदला परकीय चलनात आल्याचे दाखवावे लागते. उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर आपल्यापैकी बहुतेकींना नोंदणी लागत नाही, हे खरे. पण उद्या कर्ज मागायला गेले, तर विवरणपत्रात मी व्यावसायिक आणि बँकेच्या कागदावर कुणाची तरी आश्रित. मग कर्ज कुणाच्या नावावर मिळणार, हे वेगळे सांगायला नको.

मैत्रिणींनो, हे कटकटीचे वाटेल, पण कळून घेण्यासारखे आहे. पैसे पाठवणाऱ्याला वाटेतला खर्च स्वतः सोसायला सांगता येते; निदान कोण किती कापतो ते स्विफ्टच्या पावतीवरून मागून घ्या. बिले महिन्याला एक अशी जोडा. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सीमापार पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्यांसाठी नियम केले. त्यांतल्या काही आपल्याला अमेरिकेतला खातेक्रमांक देतात. कंपनी तिथल्या तिथे पैसे भरते आणि वाटेतली बँक गळते. मी तेच केले. आता चारशे डॉलरमागे सातशे-आठशे रुपये जातात, आणि पैसे आल्याचा दाखलाही मिळतो. अशा कंपनीकडे जाण्याआधी ती रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का, ते मात्र तपासा. खात्यावरचे नाव, पॅनवरचे नाव आणि बिलावरचे नाव एकच हवे. लग्नानंतर अर्धवट बदललेल्या आडनावापायी माझी पहिली रक्कम परत गेली होती.

आपल्या शिबिरांतून आपण बायकांना बचत गटाचे पासबुक वाचायला शिकवतो. परदेशी रकमेचा हा कागद का शिकवत नाही? ‘हे शिकलेल्यांचे प्रश्न’ असे मागच्या बैठकीत एकीने म्हटले. तालुक्याच्या गावात बसून परदेशी कंपन्यांसाठी टायपिंग करणाऱ्या बारावी पास मुली मला माहीत आहेत. त्यांच्या कागदावर काय लिहिले आहे, त्यांनी पाहिलेलेही नाही.

क्रमांक बदलून द्या, असा लेखी अर्ज मी शाखेत दिला. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असेही लिहिले. सत्ताविसाव्या दिवशी दुरुस्त कागद आला. खाते मात्र जोडखाते आहे आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज अजून ह्यांच्याच मोबाइलवर येतो. तो दुसरा अर्ज सोमवारी देते आहे.