बाळू पालवणकर आणि 'गुणवत्ते'ची थाप

"गुणवत्ता असेल तर जात आडवी येत नाही," असे आपल्याला रोज ऐकवतात. त्यांना पुण्याचे बाळू पालवणकर दाखवा.

चांभार समाजातले बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत. तिथे कॅप्टन ग्रेगला तासन्‌तास चेंडू टाकून त्यांची डावखुरी फिरकी घडली. गोऱ्यांना हरवायचे म्हणून सवर्णांनी त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू चालला. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले नाही.

१९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघावर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. म्हणजे जे बळींनी मिळाले नाही, ते संघर्षाने मिळाले.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो राजकीय मतभेद नोंदवू. पण त्यापायी मैदानातली त्यांची लढाई विसरलो, तर आपलाच इतिहास आपण दुसऱ्यांच्या हाती देऊ.

जय भीम!