कल्प्रिट कोण?

'कल्प्रिट' हा इंग्रजी शब्द आपल्या कानावरून रोज जातो. अर्थ सरळ, गुन्हेगार. पण त्याचा जन्म कोर्टाच्या कारकुनाच्या लेखणीतून झाला, असं कोशकार मानतात.

इंग्लंडच्या कोर्टांत एके काळी फ्रेंच वळणाची भाषा चाले. आरोपी 'मी निर्दोष' म्हणाला की सरकारतर्फे कारकून म्हणायचा, 'दोषी! आणि शाबीत करायला आम्ही तयार आहोत.' दप्तरात त्याचे दोनच तुकडे उरत: 'कुल. प्रिट.' पुढे फ्रेंच विसरली, तुकडे जोडून वाचले गेले आणि ते आरोपीचंच नाव झालं. गुन्हा शाबीत होण्याआधीच माणूस कल्प्रिट! या शब्दाची पहिली नोंद १६७८ सालची, पेम्ब्रोकच्या अर्लवरच्या खुनाच्या खटल्यातली. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरला आणि उमरावांच्या खास सवलतीने हा पहिला कल्प्रिट सुटून घरी गेला. (बडे लोक तेव्हाही तसेच!)

आज शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष. असावाच. पण तक्रार करणाऱ्या बाईला हे संरक्षण का नाही? मथुरा आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली, तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून! बाईचं चारित्र्य काढायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम जायला २००३ साल उजाडलं.

आता आपल्या दिंडोरीत या. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याच्या बायका इथे मजुरीला येतात. बागेत मुकादमाने हात धरला तर? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात जिल्ह्याला स्थानिक समिती आहे, तालुक्याला नोडल अधिकारी आहे. आणि १४ वं कलमही आहे: खोटी तक्रार केली तर बाईवर कारवाई. नुसता पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलंय. पण धमकावणारे पहिलं वाक्य ऐकवतात, दुसरं गिळतात. साक्षीदार आणायचे कुठून? शेजारच्या ओळीतल्या बाईनेही त्याच मुकादमाची उचल घेतलेली असते.

वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच या तरतुदीला विरोध केला होता. तरी ती कायद्यात आली. ती काढा, ही आपली मागणी. तोवर ते दुसरं वाक्य ठळक मराठीत तहसील कचेरीच्या भिंतीवर आणि प्रत्येक बागेच्या फाटकावर लागलं पाहिजे.